प्रश्न थोडे उशिरा विचारावेत

संशोधनपद्धती शिकवणाऱ्याला दरवर्षी हमखास ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे ‘मुलाखती किती घेऊ?’ वीस सांगितल्या की मुलं वीस घेतात, तीस सांगितल्या की तीस. गुणात्मक संशोधन म्हणजे मुलाखती, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं. माणसं कुणी न विचारता एरवी काय बोलतात, तिकडे कान द्यायला सवड कुणालाच नाही. माझं मत विचाराल तर मुलाखत हे सर्वांत शेवटी हाती घ्यायचं साधन आहे.

न विचारता ऐकण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या गोरगरिबांच्या संघटनेचं काम करता करता हा संग्रह उभा राहिला आणि पुढे महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून 1 लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गावोगावच्या बायाच पुढे संकलक झाल्या, हे मला त्यात विशेष वाटतं. नंतर बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक आले, ध्वनिमुद्रण झालं. आज हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांना ऐकता येतो.

आता याच बायांपुढे प्रश्नावली धरली असती तर? ‘सासरी त्रास होता का?’ या प्रश्नाला दारात सासरा आणि खाटेवर दीर बसलेला असताना एकच उत्तर येतं, ‘नाही बाई, चाललंय बरं.’ वहीत ‘त्रास नाही’ अशी नोंद होते. पहाटे दळताना तिथे पुरुष नसत, ऐकणारं असलं तर जात्याच्या पलीकडे बसलेली जाऊ नाहीतर शेजारीण. तिथे सीतेचा वनवास निघे, माहेरचा भाऊ निघे, मुलीच्या जन्माचं दुःख निघे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात 1996 साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेब येतात. बाई देवाला, भावाला घालते त्याच चालीवर त्यांनाही साद घालते. राजकीय जाणीव मोजायला निघालेल्या कुठल्या प्रश्नावलीत हे सापडलं असतं?

पण इथेच उत्साही विद्यार्थी घसरतो. ओवी ही साक्ष नव्हे. ओवीतली सासू म्हणजे गाणारीची सासू असं धरून चालत नाही. ती ओवी तिच्या आजीची असेल, शेजारणीची असेल, चार तालुक्यांत भावाचं नाव तेवढं बदलून म्हटली जात असेल. परंपरेनं हाती दिलेलं किती आणि हिनं स्वतः घातलेलं किती, हे नुसतं ऐकून कळत नाही. मुलाखतीची खरी जागा इथे आहे. ‘ही कुणाकडून शिकलात? यातली तुमची कोणती? ही आता का म्हणत नाही?’ ऐकून झाल्यावर विचारलेल्या अशा प्रश्नांना मिळणारी उत्तरं आधी विचारलेल्या शंभर प्रश्नांना मिळत नाहीत.

बाकी साधनांबद्दल थोडक्यात. गटचर्चा सरपंचाच्या ओसरीवर घेतली तर ती सरपंचाशीच होते. संमतिपत्रावर सही मागितली की माणूस बिचकतो. सही-अंगठ्यानं जमिनी गेलेल्या त्याला आठवतात. तिथे तोंडी संमती घेऊन ती ध्वनिमुद्रित करावी. आणि आकड्याचं म्हणाल, तर ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1967 सालीच सांगून ठेवलं आहे, की नव्या माहितीतून नवं काही हाती लागेनासं झालं की थांबा. हल्ली प्रबंधांत हे वाक्य मंगलाष्टकासारखं म्हटलं जातं. थांबायचं केव्हा ते मात्र अनुदानाची मुदत ठरवते.

टिपणांविषयी मी हट्टी आहे. दिवसाची टिपणं त्याच रात्री लिहावीत. यावर कुणीतरी समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचा दाखला देतंच. म्हैसूरजवळच्या ज्या गावाला त्यांनी ‘रामपुरा’ म्हटलं, तिथे 1948 साली त्यांनी मुक्काम केला. एप्रिल 1970 मध्ये स्टॅनफर्डला लावलेल्या आगीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या आणि 1976 मध्ये आलेलं ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ त्यांनी आठवणीवर लिहिलं. म्हणजे टिपणांवाचून चालतं? मुळीच नाही. दोन दशकं ती टिपणं हाताखालून गेली होती, म्हणून तर गाव इतकं आठवलं. ज्यानं कधी लिहूनच ठेवलं नाही, त्याला काय आठवणार?

गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. पण ओव्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या अजून घरोघरी आहेत. दिवाळीला गावी गेलात तर आजीची परवानगी घेऊन मोबाइल सुरू ठेवा. ती म्हणेल ते तिच्याच बोलीत उतरवा, शुद्ध करू नका. तारीख लिहा, शेजारी कोण बसलं होतं तेही लिहा. आणि प्रश्न विचारायचाच झाला तर पहिला तिच्या माहेरच्या गावाचा विचारा.