घोडनदीकाठचा कुंभार

गेल्या भाऊबीजेला आम्ही शिरूरला ताईकडे गेलो होतो. फराळ आटोपल्यावर दाजींनी टूम काढली, "चला, इनामगाव पाहून येऊ." सौ.च्या कपाळाला आठ्या पडल्या. मातीचे ढिगारे पाहायला कशाला जायचे, हा तिचा रोकडा सवाल!

घोडनदीच्या काठी पोचलो, तो खरोखरच पाहण्यासारखे काही दिसेना. नुसती पांढरी माती! पण या पांढरीखाली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी प्रभृतींना १९६८ ते १९८२ या काळात एक अख्खे गाव सापडले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत ते नांदत होते. खात्यापित्या शेतकऱ्यांची घरे मधोमध, कारागिरांची पश्चिमेच्या कडेला. कुंभाराचा गोल आवाही मिळाला.

दाजींनी एक खापर उचलून टिचकी मारली. खण्ण!

"माठ घेताना तू हेच करतेस," मी सौ.ला म्हटले.

ही जोर्वे पद्धतीची भांडी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, त्यावरून हे नाव. चाकावर घडवलेली, तांबड्या अंगावर काळी नक्षी आणि भाजणी अशी पक्की, की धातूसारखा नाद यावा! पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, भांडीही ओबडधोबड झाली.

"आणि तान्हं मूल गेलं," दाजी सांगत होते, "तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवीत, आणि घरातच जमिनीखाली पुरीत."

सौ. एकदम गप्प झाली. आमचा पहिला मुलगा बारशाआधीच गेला. त्याला नावच नव्हते. तीस वर्षांत त्याचा विषय आम्ही कधी काढला नाही.

"घरातच?" तिने विचारले.

"हो, घरातच."

"बरं करीत," ती हळूच म्हणाली. "आईला लांब जावं लागत नसे."

दाजींच्या हातून तिने ते खापर घेतले, पदराने पुसले आणि होते तिथेच ठेवून दिले.

परतताना गाडीत ती आपणहून बोलू लागली, "अहो, त्याचं जावळ किती दाट होतं, आठवतं?"

मला आठवत होते.