बाहुलीच्या तोंडची मराठी

आमच्या लहानपणी रांझीस कठपुतळीवाले आले, की गृहपाठास आपोआप सुट्टी मिळे. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा वाजून जाई, पुरुषमंडळी सायकलींवरून घरी परतत, आणि क्वार्टरांमधल्या मैदानात दोन खाटा उभ्या करून त्यांवर काळे कापड ताणले जाई. ढोलक वाजू लागे. तोंडात धरलेल्या बांबूच्या शिट्टीतून कठपुतळीवाला बाहुल्यांचे बोलणे काढी, आणि नागौरचा अमरसिंह राठोड तलवार परजीत दरबारात शिरे. त्या चिरक्या आवाजातला एक शब्दही कळत नसे. तरी बंगाली, पंजाबी, तेलुगू, मराठी अशी कारखान्याची सारी पोरे एकाच क्षणी हसत.

एकदा खेळ संपल्यावर आम्ही धीर करून एक बाहुली हातात घेतली. वर लाकडाचे कोरीव तोंड, रेखलेले डोळे, आणि खाली घोळदार घागरा. घागरा उचलून पाहतो तो आत काहीच नाही! आमचा चेहरा उतरला. वडील मागेच उभे होते. ते मालवणीत म्हणाले, "हिचे पाय खंय गेले?" आणि मोठ्याने हसले. घरी मालवणी बोलणे त्यांनी कटाक्षाने टाळले होते. हसताना मात्र ती निसटे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कुडाळ सोडून कारखान्याच्या नोकरीवर इकडे आले. त्या रात्री त्यांनी आम्हांस कुडाळजवळच्या पिंगुळी गावाची गोष्ट सांगितली. तेथील ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवीत, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर खेळवीत आणि चित्रकथीची पाने एकामागून एक उलटीत रामायण-महाभारतातील आख्याने गात. वडिलांच्या मनात तो दिव्याचा उजेड अखेरपर्यंत तेवत होता. गावी जाऊन तो खेळ पुन्हा पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढे वाचनाच्या नादात कळले की, हा वारसा आपल्या भाषेच्या अंगी किती मुरलेला आहे. सूत्राने हलणारे बाहुले ज्ञानेश्वरीत दृष्टांतासाठी आले आहे. १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणणारे विष्णुदास भावे लाकडी बाहुल्याही घडवीत. त्या जुन्या बाहुल्यांना आपल्या काळात रामदास पाध्ये यांनी पुन्हा उभे केले. संस्कृत नाटकातील 'सूत्रधार' हा मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा, असे मत पिशेल या जर्मन पंडिताने १९०० साली मांडले. ते सर्वांस मान्य नाही. सूत्र म्हणजे शिल्पकाराची मापाची दोरी, असेही काहीजण म्हणतात. आम्हांस मात्र पिशेलसाहेबांचे म्हणणे पटावेसे वाटते.

निवृत्तीनंतर आम्ही पिंगुळीस गेलो. ज्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या कुटुंबाने तेथे या कलेचे संग्रहालय उभारले आहे. गावातल्या एका कलावंताने आमच्या हाती दोऱ्या दिल्या. बाहुली जागची हलेना. तो नम्रपणे म्हणाला, "घट्ट धरू नका. दोरी थोडी सैल सोडा." आम्ही हसून ते सोडून दिले. त्या बोलण्याचा अर्थ आम्हांस घरी परतल्यावर, आणि तोही उशिराच, उमगला.

आमच्या घरी मराठीचा दंडक कडक होता. चिरंजीव शाळेतून येऊन "चहा झाली का?" म्हणाले, की आम्ही तत्काळ "चहा झाला" अशी दुरुस्ती करीत असू. "माझी पुस्तक" ऐकले, की पाटीवर दहा वेळा "माझे पुस्तक". हिंदीत चाय आणि किताब दोन्ही स्त्रीलिंगी; त्यात पोराचा अपराध तो कोणता! परमुलखात आपली भाषा शुद्ध राखण्याच्या अभिमानात हे आम्हांस सुचले नाही. दहा-अकरा वर्षांचा असताना केव्हातरी तो आमच्याशी हिंदीतच बोलू लागला. हिंदीत त्यास कोणी अडवीत नव्हते. आम्ही मात्र जगास सांगत आलो की, १९५६ साली प्रांतरचना बदलली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात उरलो, शाळा हिंदी. मुले तरी काय करणार! हे कारण आम्ही इतक्यांदा दिले की, ते आम्हांसच पुरेसे वाटू लागले होते.

गेल्या मे महिन्यात नात सुट्टीस आली. तीही हिंदीच बोलणारी. दुपारचा वेळ जाईना म्हणून आम्ही दोघांनी हातमोज्याची बाहुली करण्याचे ठरविले. जुनी वर्तमानपत्रे फाडून दोन दिवस भिजत घातली, पाट्यावर वाटून लगदा केला आणि त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून मिसळल्या. त्यामुळे लगदा चिकटून येतो. पोस्टकार्ड तर्जनीवर गुंडाळून मानेची नळी केली, तिच्यावर लगद्याचे डोके चढविले. मेच्या उन्हाने तीन दिवसांत ते खडखडीत वाळले. कुटुंबाच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे शिवून झगा झाला. तर्जनी मानेत, अंगठा आणि मधले बोट बाह्यांत घातले, की म्हातारी मान डोलावून नमस्कार करू लागे. वाळताना तिचे नाक मात्र एका बाजूस कलले.

नातीने ती हातावर चढविली आणि आवाज बदलून, चक्क मराठीत, म्हातारी बोलली: "आजोबा, माझी नाक वाकडी झाली!"

दुरुस्ती आमच्या ओठांवर आली होती. पण बाहुलीस का कोणी व्याकरण शिकवितो? आम्ही विचारले, "म्हातारे, मग शिंक कोणत्या बाजूने येते?" त्यानंतर तासभर म्हातारी थांबली नाही. लिंग, वचन, विभक्ती साऱ्यांची तिने मनसोक्त मोडतोड केली. आणि इतकी मराठी आमच्या ओसरीवर कित्येक वर्षांत कोणी बोलले नव्हते.

महिनाअखेरीस चिरंजीव मुलीस न्यावयास आले. संध्याकाळी ओसरीवर बसल्याबसल्या त्यांनी खुंटीवरची म्हातारी काढली, उगाच हातात घातली, जराशी मान हलवून पाहिली. नंतर आमच्याकडे न बघता, बारीक आवाजात ती म्हातारी म्हणाली, "बाबा, चहा झाली का?"

स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज येत होता.

"झाली," आम्ही म्हणालो.