शिंपल्यांच्या खिडक्यांचं गाव

फिलिपिन्स म्हटलं की आपल्याकडच्या ट्रॅव्हल एजंटच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो... बोराकाय! पांढरी वाळू, निळंशार पाणी, रात्रभर पार्टी. सगळं कबूल. पण त्याच बोराकायच्या शेजारच्या पनाय बेटावर, उत्तर किनाऱ्याला रोहास नावाचं एक छोटंसं शहर आहे. मासे हा तुमचा वीक पॉइंट असेल तर बॉस, आधी तिथे जा! ‘फिलिपिन्सची सीफूड राजधानी’ ही पदवी ते अगदी थाटात मिरवतं. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ७९ हजार, म्हणजे आपल्या डोंबिवलीच्या एका कोपऱ्यात सहज मावेल.

मनिलातली मंडळी मात्र रोहासचं नाव काढलं की डोळे मिचकावतात. ‘सांभाळून हं, तिकडे आस्वांग असतात!’ आस्वांग म्हणजे दिवसा माणसासारखं वावरणारं, रात्री रक्ताला चटावलेलं पिशाच्च. हे शहर ज्या प्रांताची राजधानी आहे, तो कापिस प्रांत या भुतांसाठी देशभर बदनाम आहे. मी तीन रात्री राहिलो. अंधारात मला गाठलं ते फक्त ट्रायसिकलवाल्यांनी.

शहराचंही जुनं नाव कापिसच. १९५१ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि इथल्याच सुपुत्राचं नावही. मॅन्युएल रोहास यांचा जन्म इथे १८९२मध्ये झाला. ४ जुलै १९४६ला फिलिपिन्स अमेरिकेपासून स्वतंत्र झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी तेच होते. त्यांचं जुनं घर आजही गावात आहे. गावातच १९१०ची पाण्याची गोल टाकी आहे, तिचं आता म्युझियम झालंय. नाव ‘पानुब्लियॉन’, म्हणजे वारसा. टाकी पाडून मॉल बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, हे मुंबईकराला जरा लागतंच!

संध्याकाळी पाय आपोआप बायबाय बीचकडे वळतात. निरोपाशी काही संबंध नाही, स्थानिक भाषेत बायबाय म्हणजेच किनारा. वाळू करडी, पोस्टकार्डवर शोभणारी नाही. पण ओळीने खानावळी, आणि ताटात कोळंबी, खेकडे, शिंपले आणि तालाबा. तालाबा म्हणजे आपली कोकणातली कालवंच हो! वाफवलेली, सोबत लसूण-मिरची मुरवलेलं व्हिनेगर. कट्टर शाकाहारी मित्राला सोबत नेऊ नका, मैत्री तुटेल.

पण या शहराची खरी गोष्ट ताटात नाही, खिडकीत आहे. कापिस हे एका शिंपल्याचंही नाव. तळहाताएवढा, चपटा, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जातो. काच महाग होती तेव्हा याचे चौकोनी तुकडे कापून लाकडी चौकटीत बसवायचे. ऊन आत येतं, पण डोळ्यांवर येत नाही. दुपारी तीनलाही खोलीत दुधाळ, शांत प्रकाश. गोव्यातल्या जुन्या घरांत अशा खिडक्या तुम्ही पाहिल्या असतील. शिंपल्याची जात तीच! एकीकडे स्पॅनिश राज्य, दुसरीकडे पोर्तुगीज, आणि दोन्हीकडच्या घरांनी ऊन गाळायला हाच शिंपला वापरला.

पुढे काच स्वस्त झाली, खिडक्या गेल्या. शिंपला लॅम्पशेडमध्ये, झुंबरांत, ख्रिसमसच्या कंदिलांत शिरला आणि परदेशात चालला. धंदा वाढला तसा समुद्र रिकामा होत गेला. हा जीव उथळ समुद्राच्या चिखलात पडून असतो. तळ खरवडणारी जाळी, बेसुमार उपसा, नद्यांमधून येणारा गाळ... सगळं त्याच्याच अंगावर. ज्या प्रांताशी त्याचं नाव जोडलंय, तिथेच तो आता पूर्वीसारखा सापडत नाही.

‘दिवाल’चंही तेच. पांढऱ्याशुभ्र, पंखासारख्या कवचाचा हा गोड शिंपला एकेकाळी इथून जवळजवळ नाहीसाच झाला होता. उपशावर बंधनं आली, पुन्हा पैदाशीचे प्रयत्न झाले, तेव्हा कुठे तो ताटात परतला. म्हणजे थांबलं तर समुद्र देतो परत!

हे थांबणं बघायचं असेल तर पालिना नदीवर जा. कोळंबी आणि बांगुस माशांच्या तळ्यांसाठी या किनाऱ्यावर खारफुटी भरपूर तोडली गेली. आज तिथलेच मच्छीमार ती जपतात आणि बांबूच्या तराफ्यावर बसवून तुम्हाला फिरवतात. जेवण तराफ्यावरच, गिटारवर गाणी फ्री! ८ नोव्हेंबर २०१३ला हैयान वादळाने या प्रांताला झोडपून काढलं होतं. किनाऱ्यावर झाडं का हवीत, हे इथल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

जाता जाता शेजारच्या पानाय गावातलं चर्च चुकवू नका. तिथली घंटा दहा टनांहून जड आहे. गावकऱ्यांनी दिलेली सत्तर पोती नाणी वितळवून ती ओतली, असं सांगतात.

आणि निघताना कापिसचा दिवा घ्यायचा मोह होणारच. घ्या जरूर, पण भावाची घासाघीस नंतर. आधी दुकानदाराला विचारा, शिंपला कुठला? गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानदारही विचार करायला लागतो.

कसं जाल? मनिलाहून विमानाने साधारण तासाभरात, किंवा इलोइलोहून व्हॅनने तीनेक तासांत.
केव्हा? डिसेंबर ते एप्रिल. डिसेंबरात ‘सिनाद्या सा हालारान’ उत्सवाची धमाल.
व्हिसा? जून २०२५पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी नियम एकदा तपासाच.