अनध्याय

आमचा धंदा शिकविण्याचा. त्यामुळे सुटीच्या बाबतीत जगाने आमच्याकडे थोड्या असूयेने पाहावे, हे रास्तच आहे. जुन्या पाठशाळांतून प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी हे अनध्यायाचे दिवस असत. त्या दिवशी पाठ घेतला तर विद्या नासते, अशी समजूत होती. पूर्वजांच्या ज्या थोड्या समजुती आम्ही मनापासून मानतो, त्यांपैकी ही एक. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी आम्ही हक्काने घेतो. आणि एखाद्या रविवारी कामावर बोलावणे आले, की आपणांवर घोर अन्याय झाला असे घरी येऊन सांगतो.

असाच एक अन्याय सोसून गेल्या पौषात आम्ही राहात्याकडून नगरास परतत होतो. रात्रीचे दहा वाजले असावेत. एका साखर कारखान्याच्या फाटकापुढे उसाच्या गाड्यांची रांग लागून रस्ता तुंबला होता. आम्ही उतरून चहाच्या टपरीशी गेलो. शेजारी एक गाडीवान बैलांपुढे वाढे टाकीत उभा होता; त्याची कारभारीण चुंबळ उशाशी घेऊन गाडीच्या चाकाजवळ झोपली होती. आमच्या हातातील पुस्तकांचे बाड पाहून त्याने आमची जात ओळखली असावी.

"पाहुणे, तुम्हांला सुटी केव्हा असते?" आम्ही सहज विचारले.

"बैलाला पोळा हाय, गुरुजी. आमाला पट्टा पडल्यावर."

"आणि मध्येच आजारी पडलात तर?"

"मंग खाडा."

एवढे बोलून तो पुन्हा वाढ्यांकडे वळला. आमचा चहा मात्र निवून गेला.

खाडा म्हणजे नुसती बुडालेली मजुरी नव्हे. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात. त्या कोयत्याने हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती टनांच्या हिशेबाने फेडावयाची असते. कित्येक टोळ्यांत न आलेल्या दिवसाचा वर दंडही बसतो. पाथर्डी-शेवगावाकडची आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दर हिवाळ्यात या हिशेबाखाली घर सोडतात. २०१९ साली बीडकडील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला व शासनास चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्या शस्त्रक्रियांमागचे एक कारण सांगण्यात आले. विश्रांतीची किंमत कोणी याहून अधिक मोजली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, तोडलेला ऊस थांबत नाही. हे खरेच आहे. तोडणीनंतर जितका वेळ जाईल तितकी त्यातील साखर घटते, म्हणून कारखाना रात्रंदिवस चालतो. परंतु त्याच कारखान्याच्या आत काय घडते ते पाहावे. तेथे माणसे तीन पाळ्यांत बदलतात. इतकेच नव्हे, रस आटविणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत क्षार साचतात, ते काढण्याकरिता भर हंगामात गाळप बंद ठेवावे लागते. आणि हंगाम सरला की सारी यंत्रे उलगडून दुरुस्त करितात. नळीला अनध्याय आहे, बैलाला पोळा आहे. कोयत्याला तेवढा काही नाही.

विश्रांती ही मालकाने दिलेली भिक्षा नसून श्रमाचाच एक भाग आहे, हे आपल्या प्रांतात नारायण मेघाजी लोखंडे यांनी प्रथम ठणकावून सांगितले. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ज्या अर्जावर त्यांनी साडेपाच हजार सह्या मिळविल्या, त्यात रविवारच्या सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाचीही मागणी होती. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी पदरात पडली. आम्ही जो रविवार अंगणात वर्तमानपत्र पसरून घालवितो, त्याच्या मुळाशी सहा वर्षांची ही झुंज आहे. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्यास एक सुटी बंधनकारक केली. परंतु तो कायदा फाटकाच्या आतला. फाटकाबाहेर, उसाच्या फडात, तो पोचला नाही. आणि आतही हे कुंपण कायमचे पक्के आहे असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेच राहतील, असे म्हणतात. गणित बरोबर आहे. पण दमलेले अंग आठवड्याची सरासरी काढीत नाही.

या जिल्ह्याने एके काळी अशक्य वाटणारी गोष्ट करून दाखविली आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीस शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला, तेव्हाही हे चालावयाचे नाही असे सांगणारे शहाणे होतेच. टोळीत चार माणसे अधिक ठेवून आळीपाळीने आठवड्याचा एक दिवस मोकळा देणे, आणि त्या दिवसास खाडा न म्हणणे, हे त्याहून अवघड असावे काय?

रांग हलली. गाडीवानाने कारभारणीला हाक मारिली. ती दचकून उठली आणि झोपेतच चुंबळ डोक्यावर ठेवू लागली. मोळी वाहावयाची नाही, आता गाडी हाकावयाची आहे, हे ध्यानी येण्यास तिला थोडा वेळ लागला.

घरी पोहोचल्यावर "आजही सुटी बुडाली ना?" असे आम्हांस विचारण्यात आले. आम्ही नाही म्हणालो.