जामीन राहणाऱ्या बायका

वीस माणसांची खानावळ चालवायला भांडवल किती लागतं? बँकेत नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचे. बहुतेक जण भांडी, स्टोव्ह, जागेचं भाडं असा हिशेब मांडत. पण भांडी बाईकडे असायचीच आणि जागा म्हणजे तिचीच चाळीतली खोली. भांडवल लागायचं ते महिनाभराच्या धान्याला. गिरणी कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर द्यायचा. आज खाल्लेल्या भाकरीचा पैसा हातात यायला महिना जायचा आणि तोवर बाईने तांदूळ, ज्वारी, डाळ, तेल, रॉकेल, मासळी सगळं आणून, रांधून वीस जणांना वाढलेलं असायचं. म्हणजे ती महिनाभर वीस माणसांना उधार देत होती. बँकेच्या भाषेत ती पतपुरवठा करणारी संस्थाच होती, पण तिला स्वतःला पत देणारं कुणी नव्हतं.

लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावर, ज्याला जुनी माणसं अजून डिलाईल रोडच म्हणतात, मी १९७०च्या दशकाच्या अखेरीस बँकेच्या नोकरीला लागले. अग्रक्रम क्षेत्राची, म्हणजे लहान शेतकरी, छोटे धंदेवाले अशांना द्यायची कर्जं हा माझा विषय झाला आणि निवृत्तीपर्यंत तोच राहिला. सोपी गोष्ट नाही ती, कारण या क्षेत्रातला कर्जदार कागदावर काहीच सिद्ध करू शकत नाही. खानावळवाल्या बायकांनी मला हा विषय शिकवला. त्यांच्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं.

आधी त्या काळचं गिरणगाव डोळ्यांपुढे आणायला हवं. कमला मिल, फिनिक्स, मथुरादास, मफतलाल, सीताराम, अपोलो अशा गिरण्या, आणि त्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या चाळी. कामगार कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले. बायको-पोरं गावाला, इथे एका खोलीत एका गावची पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारी. त्यांना जेवू घालणारी बाई बहुधा त्यांच्याच मुलखातली असे. कोकणातल्या गड्याला भात आणि मासळीचं कालवण हवं, घाटावरच्याला ज्वारीची भाकरी. पहिल्या पाळीचा माणूस सकाळी सातला गिरणीत शिरायचा म्हणून बाई पहाटे चारला उठायची. दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीनंतर परतायचा, त्याचं ताट झाकून ठेवायची.

यातल्या अनेकींच्या आया किंवा सासवा गिरणीतच होत्या. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुढे यंत्रं बदलली, कामाची फेररचना झाली. रातपाळीला बायकांना बंदी होती आणि बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागायचा. त्यामुळे बाई कामगार मालकांना नकोशी झाली. बायका गिरणीबाहेर पडत गेल्या. बाहेर पडलेल्या बाईला येणारं एकच काम होतं, रांधणं. कुणाचा नवरा क्षयाने गेलेला, कुणाचा दारूत बुडालेला, कुणी टाकलेली. खानावळ ही हौस नव्हती.

आणि मग वाणी. धान्य उधारीवर त्याच्याकडून. त्यावरचं व्याज सगळ्यांना दिसतं, पण माझ्या मते खरी लूट व्याजात नव्हतीच. उधारीवर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव करता येत नाही. तो देईल तो तांदूळ, तो सांगेल ते वजन. दुसऱ्या दुकानात दोन पैसे स्वस्त मिळत असलं तरी तिथे जायची सोय नाही, कारण जुनी बाकी आहे. पैसा कमी पडला की मंगळसूत्र, पाटल्या गहाण. रोख पैसा हातात असता तर हीच बाई घाऊक बाजारातून गोणी आणू शकली असती. म्हणजे दीड हजार रुपयांच्या कर्जाने तिचं फक्त व्याज वाचणार नव्हतं, तिला दुकान बदलायची मोकळीक मिळणार होती. हा हिशेब मी बँकेच्या कुठल्याही पुस्तकात वाचला नाही. तो मला बायकांनी बोटांवर मोजून दाखवला.

१९६९च्या जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२मध्ये विभेदक व्याजदराची योजना आली. अगदी गरीब कर्जदाराला ४ टक्क्यांनी कर्ज, तारण न घेता. कागदावर वाट खुली झाली. पण खानावळवाली बाई बँकेच्या पायरीवर आली नाही, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं आणि सांगितलं असतं तरी आत शिरायची छाती झाली नसती. काचेपलीकडे पॅन्टशर्टातले साहेब, इंग्रजी फॉर्म, आणि सही म्हटली की अंगठा.

ही पायरी ओलांडून दिली प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, पुढे गिरणगावातल्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवात १४ खानावळवाल्यांपासून झाली, प्रत्येकीला बँकेचं दीड हजाराचं कर्ज मिळालं. संपाच्या काळात कामगारांना उधारीवर जेवू घालून याच बायका लढा टिकवतात आणि त्यांचं नाव कुठल्याही युनियनच्या यादीत नसतं, हे चळवळीतल्या माणसाच्या लक्षात येणं स्वाभाविक होतं. मात्र त्यासाठी संघटना बांधायची, ती बँकेत न्यायची आणि बँकेला पटवायची, हे एका बाईला सुचलं. पुढे २००२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी मेधा पुरव सामंत यांनी बँकेची नोकरी सोडून पुण्यात हेच काम पुढे नेलं.

आता माझ्या व्यवसायाचा गाभा. तारण नाही, पगारपत्रक नाही, भाड्याची पावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. मग कर्ज द्यायचं कशाच्या भरवशावर? उत्तर होतं गट. शेजारच्या, ओळखीच्या दहा-पंधरा बायका एकत्र येतात आणि एकमेकींची हमी घेतात. माझ्या टेबलासमोर असा एक गट पहिल्यांदा बसला तेव्हा कर्ज मागणारी बाई गप्पच होती. खाली बघून पदराचं टोक पिळत होती. बोलली ती तिच्या शेजारची, साताऱ्याकडची. "हिला द्या बाई. नवरा हाय, पर न्हाई असंच समजा. ही बुडवायची न्हाई. बुडवलं तर म्या हाय की."

या वाक्यात कर्जाच्या अर्जापेक्षा जास्त माहिती होती. नवऱ्याची स्थिती, घरातला धोका, बाईची दानत, आणि बोलणारीने स्वतः उचललेली जोखीम. कुठला अधिकारी चौकशी करून एवढं काढू शकला असता? चाळीत कुणाचा नवरा पगाराच्या दिवशी थेट गुत्त्यावर जातो, कोण डाळीत पाणी वाढवतं, कुणाचे गडी कधीच सोडून जात नाहीत, हे सामायिक नळावरच्या बायकांना ठाऊक असतं. बँकेने ती माहिती वापरली आणि बदल्यात बाईला पत दिली.

पण माहितीहून मोठी गोष्ट वेगळी होती. ती पदर पिळणारी बाई शेजारणीचं बोलणं ऐकून मान वर करून बसली. आपल्याबद्दल कुणी असं चारचौघांत, तेही बँकेत, बोलेल असं तिला वाटलं नसावं. वचनचिठ्ठीवर अंगठा उठवायच्या आधी तिने मला व्याज नेमकं किती ते विचारलं. वाण्याला तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

दिवाळी अंकांत जिद्दीच्या कहाण्या मी आवडीने वाचते. त्यांत एक माणूस असतो, संकट असतं आणि तो एकट्याच्या बळावर वर येतो. माझ्या अनुभवातली जिद्द अशी सुटी नव्हती. जिद्द होती, भरपूर होती. पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत वीस माणसांचं करणारी बाई आणखी किती जिद्द दाखवणार? पण जिद्द वाण्याच्या दुकानात चालत नाही. बाईच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांना जे वळण मिळत नव्हतं, ते दुसऱ्या बाईने जोखीम उचलल्यावर मिळालं. धीर देणं म्हणजे तोंडाने चार शब्द बोलणं, असं आपण धरून चालतो. गिरणगावात धीर देणारीचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं असे.

गटातली एक बाई टायफॉइडने अंथरुणाला खिळली तेव्हा हे मी जवळून पाहिलं. खानावळीचं चार दिवस बंद राहणं परवडत नाही. गडी दुसरीकडे जेवायला लागले की परत येत नाहीत. गटातल्या तिघींनी तिचे गडी वाटून घेतले. एकीने सकाळचं, दोघींनी रात्रीचं. आणि ती उठल्यावर सगळे परत तिच्या पंगतीला बसवले, एकही आपल्याकडे ठेवला नाही. धंद्यातल्या प्रतिस्पर्धी होत्या त्या, हे लक्षात घ्या. एकाच गल्लीत, एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांत संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, आणि रीतसर कधी मागेच न घेतला गेलेला संप. खानावळीची कोंडी दोन्ही बाजूंनी झाली. निम्म्याहून जास्त गडी गावाला निघून गेले, राहिले त्यांच्याकडे पैसा नव्हता. तरी बायकांनी वाढलं. खातेवही असलेल्यांनी खातेवहीत लिहिलं, लिहिता न येणाऱ्यांनी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या. महिने गेले, रेघा वाढत गेल्या. त्यातले किती पैसे वसूल झाले ते विचारू नये. गावाहून दोन वर्षांनी परत येऊन जुनी बाकी हातात ठेवणारे गडीही होते, एवढं मात्र मला बायकांनी अभिमानाने सांगितलं.

माझ्या शाखेतली खाती थकली. थकणारच होती. गट मात्र दर महिन्याला येत राहिले. हप्ता नसला तरी येऊन बसायच्या, कुणाचं काय चाललंय ते सांगायच्या. हप्ते नव्याने बांधून द्यायची शिफारस करताना मला आधार होता तो या येण्याचा. त्याच बैठकांतून नव्या वाटा निघाल्या. कुणी परळच्या केईएम आणि टाटा इस्पितळांत गावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबे द्यायला लागली, कुणी पापड-लोणच्यांकडे वळली, कुणी पोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या. एकटी बाई हे करू शकली नसती असं मी म्हणणार नाही. पण 'इस्पितळाच्या दारात डबा विकता येतो' ही बातमी एकीला लागली आणि तिने ती गटात सांगितली, म्हणून सहा घरं तगली.

या पद्धतीचा पुढे जगभर गाजावाजा झाला. अहमदाबादला इला भट्टांची सेवा बँक १९७४मधली. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात १९७६मध्ये प्रयोग सुरू केला, ग्रामीण बँक १९८३मध्ये झाली. नाबार्डने १९९२मध्ये बचत गट बँकांशी जोडायला घेतले, ५०० गटांपासून. आज महाराष्ट्रात गावोगावी बचत गट आहेत. एकमेकांच्या हमीवर कर्ज ही कल्पना तर त्याहून जुनी, एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रायफायझन यांच्या शेतकरी पतसंस्था तिच्यावरच उभ्या होत्या. पण या सगळ्यांच्या यादीत लालबाग-परळच्या खानावळवाल्यांचं नाव फार थोडे लोक घेतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि एका गोष्टीचा संतापही आहे. हीच हमी उलटी वापरता येते. २०१०मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या वसुलीवरून हाहाकार उडाला, सरकारला अध्यादेश काढावा लागला. तिथेही गटच होते. पण थकलेल्या बाईच्या दारात तिच्याच गटातल्या बायकांना बसवलं जाई, हप्ता मिळेपर्यंत. कंपनीला चौकशीचा खर्च नको होता आणि वसुलीचाही नको होता, म्हणून तिने शेजारणीला शेजारणीवर सोडलं. कागदावर दोन्ही गट सारखे दिसतात. फरक इतकाच, की अन्नपूर्णामध्ये बायका आधी एकत्र आल्या आणि कर्ज मागून आलं. एका धंद्यातल्या, एका भागातल्या, एकीचं दुखणं दुसरीला कळणाऱ्या. कर्जासाठी आठवड्यात जमवलेल्या दहा नावांना गट म्हणायला मी कधी तयार झाले नाही आणि अशी प्रकरणं मी परत पाठवली.

आज कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आहेत, फिनिक्सचा मॉल झाला. त्या कचेऱ्यांतल्या मुलामुलींना घरचं जेवण हवं असतं आणि ते पुरवणाऱ्या बायका आजही आजूबाजूच्या चाळींतल्याच आहेत. कर्ज त्यांना मोबाईलवर मिळतं, जामीन लागत नाही, अर्जाला पाच मिनिटं लागतात. सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण आजारपणात डबे वाटून घेणारं त्या मोबाईलमध्ये कुणी नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांपुढेही मांडते. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. शंभर वर्षांच्या जुन्या, गळक्या खोल्यांतून माणसं नव्या इमारतीत जातात, हे चांगलंच आहे. पण मधल्या काळात कुटुंबं चार दिशांना पांगतात, एकीला भाड्याचं घर एकीकडे मिळतं, दुसरीला संक्रमण शिबिरात. पत्ता बदलला की बँका कागद नव्याने मागतात आणि गट मोडीत काढतात. तसं करू नये. गटाची ओळख पत्त्यावर नसते. पांगलेल्या बायकांना महिन्यातून एकदा जुन्या शाखेतच बैठक घेऊ द्यावी, त्यांचा जुना परतफेडीचा इतिहास नव्या पत्त्यावर चालू ठेवावा, आणि नव्या इमारतीत परत आल्यावर तळमजल्यावर एक सामायिक स्वयंपाकघर मागणाऱ्या गटाला मुदत कर्ज द्यावं. बायका मागताहेत. फॉर्म मी भरून देते.