घाणा थांबायचा तो वार

शनिवारी सकाळी आठला दोन मिनीडोअर सांगून ठेवल्या होत्या. अलिबागहून नवगाव, दुपारी जेवायला परत. कागदावर कार्यक्रम कसा छान बसला होता. इस्रायलहून येणारी कॉलेजची बारा मुलं, त्यांच्या प्राध्यापक बाई आणि वाटाड्या-दुभाषा म्हणून मी, निवृत्त मास्तर. यातल्या बहुतेकांचे आजी-आजोबा आमच्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून तिकडं गेलेले. बाईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि हसून म्हणाल्या, "शनिवारी आम्ही गाडीत बसत नाही."

मी जीभ चावली. उभा जन्म अलिबागेत काढलेला माणूस मी. माझा शाळेचा रस्ता इस्रायल आळीवरून जायचा. ज्यांना आमच्या आज्यापणज्यांनी 'शनवार तेली' म्हटलं, त्यांच्याच नातवंडांसाठी मी नेमकी शनिवारची गाडी सांगून बसलो होतो. मिनीडोअरवाल्याला फोन लावला. सुट्टीच्या दिवसाचं भाडं बुडालं म्हणून तो करवादेल असं वाटलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "आधी सांगायचं ना मास्तर. शनवारी नाय चालत त्यांना. शनवार तेली ना ते?"

हा पोरगा तिशीतला. घाणा त्यानं कधी फिरताना पाहिला नसेल. आळीतली बहुतेक घरं तो जन्मायच्या आधीच रिकामी झाली. तरी शब्द त्याच्या जिभेवर होता. आजोबांकडून आला असेल, जसा जमिनीचा तुकडा येतो, आंब्याचं झाड येतं.

कोकणातल्या या ज्यूंची, बेने इस्रायलांची, कथा मुलांना पाठ होती. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. याला दोन हजार वर्षं झाली, असं परंपरा सांगते. वाचलेले किनाऱ्याकाठच्या गावांत पांगले, तेलाचे घाणे घालून पोट भरू लागले आणि मराठी झाले. गावाचं नाव आडनावात आलं: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर. सणांनाही घरगुती नावं पडली. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' झाला. दारं लावून उपास करायचा योम किप्पूर हा 'दारफाळणीचा सण' झाला. जेरुसलेमच्या राखेपासून वालाच्या बिरड्यापर्यंतचा हा प्रवास कुणी लिहून ठेवला नाही, पण तो झाला आहे खरा.

हिब्रू विसरली. ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. उरलं ते मोजकं: आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी, तोंडपाठ असलेली 'शेमा'ची प्रार्थना आणि शनिवार. 1768 साली कोचीच्या यहेजकेल रहाबींनी हॉलंडला धाडलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख आहे. तेल गाळणारे आहेत, शेमा म्हणतात आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळतात, एवढंच त्यांना ठाऊक आहे, असा त्याचा आशय. विद्वान माणसाला ते फार थोडं वाटलं असणार. मला ते पुष्कळ वाटतं. सगळं विसरूनही हे लोक थांबायचं विसरले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मागेन आबोथला गेलो. आळीतलं हे सिनेगॉग मूळचं 1848 चं, आताची इमारत 1910 ची. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. अलिबागेत आता घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे दहाचा आकडा जमवताना नाकी नऊ येतात. त्या दिवशी पाहुण्यांतले सहा मुलगे धरून तो सहज ओलांडला. दाराशी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ एकेक डोकं मोजत होते. दहावा पुरुष आत शिरला तेव्हा त्यांनी मोजणं थांबवलं, टोपी नीट केली आणि एक शब्द न बोलता आत जाऊन बसले. लग्नात पंगत भरली की यजमानाचा चेहरा होतो ना, तसा त्यांचा झाला होता.

मग शनिवार उजाडला. गाडी नाही, फोन नाही, फोटो नाही. मुलं सगळीच काही सोवळ्यातली नव्हती. त्यांतली तिघं-चौघं आपल्या गावी शनिवारी खुशाल मोटार हाकणारी. पण सहलीचा नियम तो नियम. मला आधी वाटलं, एवढ्या लांबून आले आणि दिवस फुकट चालला. प्रार्थना झाली, जेवण झालं, मग आम्ही अंगणात नुसते बसलो. नारळाच्या सावल्या सरकत होत्या, त्यांच्याबरोबर आम्ही खुर्च्या सरकवत होतो.

त्या बसण्यातच एका मुलीची मराठी हळूहळू बाहेर आली. तिची सगळी मराठी स्वयंपाकघरातली. 'काका' म्हणायची, आणि पुढं क्रियापदं नाहीत, नुसते पदार्थ: सोलकढी, मलिदा, चिकाचा हलवा. नव्या वर्षाला आजी तो हलवा करायची. गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचं दूध. "नारळाचंच का?" मी विचारलं. मटणाच्या जेवणावर गाईम्हशीचं दूध चालत नाही, ती म्हणाली. धर्माची अडचण कोकणच्या नारळानं सोडवली होती. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं करतात तो मलिदा तिकडंही होतो, पण पोहे दुकानातून आणावे लागतात, हे तिनं जरा ओशाळून सांगितलं. जणू मी रागावणार होतो.

बाईंनी मग 1964 सालची गोष्ट काढली. इस्रायलला गेलेल्या या लोकांना लग्नाच्या वेळी धर्मपीठ विचारू लागलं, तुमच्या आईची आई, तिची आई, सगळ्या ज्यू होत्या कशावरून? कोकणातल्या घाणेवाल्याच्या पणतीनं कागद कुठून आणायचा? जेरुसलेममध्ये माणसं धरणं धरून बसली, देशभर गलका झाला, तेव्हा त्यांना पूर्णपणे ज्यू मानण्यात आलं. मुलं गप्प झाली. मला मिनीडोअरवाल्याचा फोन आठवला. ज्यांनी कागद मागितला त्यांना या पोराला साक्षीला बोलावता आलं असतं, तर काम चटकन झालं असतं. 'शनवार तेली' हे नाव बेने इस्रायलांनी स्वतः घेतलेलं नव्हतं. शेजारच्यांनी ठेवलेलं होतं, कदाचित थोडं हिणवूनसुद्धा. यांचा घाणा शनिवारी बंद असतो, तेल आदल्या दिवशीच आणून ठेवा, एवढ्या व्यवहारापुरतं. त्या व्यवहारात एका जमातीची ओळख परक्यांच्या तोंडी सुखरूप राहिली.

आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर फोन सुरू झाले आणि अंगणात एकदम कलकलाट झाला.

रविवारी मिनीडोअर वेळेवर हजर. आधी अलिबागचं कब्रस्तान. एका दगडावर वरच्या ओळी हिब्रूत, खालच्या मराठीत. त्या मुलीला खालचं येत नव्हतं, मला वरचं. तिनं उजवीकडून वाचायला सुरुवात केली: अमुक, अमक्याचा मुलगा. मी डावीकडून वाचलं: गावाचं आडनाव आणि तारीख. बाप तिच्या ओळीत होता, गाव माझ्या ओळीत. दोघांनी मिळून तो माणूस पुरा केला. मग तिनं एक खडा उचलून थडग्यावर ठेवला. ज्यूंमध्ये तशी रीत आहे. नवगावला स्मारकाचा उंच खांब आणि जहाजफुटीत बुडालेल्यांची म्हणून दाखवतात ती जुनी दफनाची जागा पाहिली. समुद्र शेजारीच होता, पण काही सांगत नव्हता.

परतताना मिनीडोअरवाला आपण होऊन एका वाडीपाशी थांबला. "घाण्याचा दगड बघायचाय काय?" नारळीखाली दगडी उखळ अर्धं मातीत रुतलेलं, आत पावसाचं पाणी, त्यात सुपारीचं फूल पडलेलं. हे कुणाच्या घाण्याचं ते तिथं कुणालाच सांगता येईना. मुलगी उकिडवी बसली, पाणी ओंजळीनं उपसून टाकलं आणि आतून हात फिरवला. लाट फिरून फिरून दगड पार गुळगुळीत झाला होता, तेलाची काळी झिलई अजून होती. तिनं विचारलं, "रोज फिरायचा?"

"आठवड्यातून सहा दिवस," मी म्हणालो.

ती बोटांनी चाचपतच राहिली. काय शोधत असावी ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. सहा दिवसांची झीज हाताला लागत होती. सातव्याची कशी लागणार? न फिरलेल्या घाण्यानं दगडावर काही उमटत नाही.

हिशेब करताना शनिवारच्या बुडालेल्या भाड्याचे थोडे पैसे मी मिनीडोअरवाल्यापुढं धरले. त्यानं घेतले नाहीत. "गाडी दारात उभी होती, मास्तर. उभ्या गाडीचं भाडं कसलं?"

महिन्याभरानं मुलांनी सहलीचे फोटो धाडले. शुक्रवारचे पुष्कळ: सूर्य बुडताना, सिनेगॉगच्या पायऱ्यांवर, समुद्राकडे पाठ करून. त्यापुढचा थेट रविवारचा, मिनीडोअरमध्ये कोंबून बसलेले सगळे. मधल्या दिवसाचा एकही नाही. तो कसा गेला ते सांगायचं झालं, तर शेजाऱ्यालाच सांगावं लागणार.