विझलेली माळ

रनाळ्यात दिवाळीला घरोघरी आकाशकंदील लागत. नाताळचा तारा मात्र आमच्या गल्लीत एकाच घरावर लागे. ते घर आमच्या शेजारचे. तेथे एक नर्सबाई आपल्या दोन मुलांसह भाड्याने राहत. त्या मूळच्या नवापूर तालुक्यातल्या. तिकडच्या आदिवासी गावांत बरीच ख्रिस्ती कुटुंबे आहेत. नाताळला बाहेरगावी गेलेली माणसे तेथे परत येतात, आणि बाईही दरवर्षी जात.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. ही गोष्ट त्याच्या आधीची, धुळे जिल्ह्यात असतानाची. त्या वर्षी बाईंना रजा मिळाली नाही. मुले अगदी हिरमुसली. 'येथेच रोषणाई करू,' असे सांगून बाईंनी त्यांची समजूत घातली. मोठ्या मुलाने कामट्या बांधून, रंगीत कागद चिकटवून तारा केला. दिव्यांची एक जुनी माळ पेटीत होतीच. ती त्याने धाब्याच्या कठड्यावरून कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेवर सोडली आणि बटण दाबले. माळ लागली नाही.

धाकटा मुलगा लगेच एकेक दिवा हलवून पाहायला धावला. तेवढ्यात माझे मामा अंगणात आले. ते वायरमन होते. आमच्या अहिराणीत ते जोरात ओरडले, "हात नको लावू, त्यामा करंट शे!"

आम्हांला नवल वाटले. दिवे तर विझलेले होते, मग करंट कुठून येणार?

मामांनी आधी प्लग काढला. नुसते बटण बंद करून त्यांचे समाधान होत नसे. बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असेल, तर दिवा विझतो पण वीज तशीच राहते, असे ते म्हणत. मग ओट्यावर बसून त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. अशा माळेत साधारण चाळीस दिवे एकामागून एक जोडलेले असतात. घरातली वीज २३० व्होल्टची. ती चाळीस दिव्यांत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सहा व्होल्ट येतात. म्हणून दिवा सहा व्होल्टचा. पण तार काही सहा व्होल्टची नसते! एका दिव्यातली बारीक तार तुटली, की प्रवाह थांबतो आणि सगळी माळ विझते. तरी त्या तुटीपर्यंत वीज येऊन थांबलेली असते. तेथे कोणाचे बोट लागले, की तिला वाट मिळते. त्यात डिसेंबरचे दव, आणि खाली लोखंडी तार!

"मग तुटलेला दिवा शोधायचा कसा? चाळीसही तपासायचे?" मोठ्याने विचारले.

मामा हसले. त्यांनी कोरड्या फळीवर माळ पसरली, प्लग लावला आणि टेस्टर आधी पहिल्या जोडाला टेकवला. तो उजळला. मग सरळ विसाव्या दिव्याशी गेले. तेथेही उजळला, म्हणजे दोष पुढच्या अर्ध्यात. तिसाव्याशी उजळला नाही; म्हणजे विसाव्या आणि तिसाव्याच्या मध्ये. असे निम्मे निम्मे करीत पाच-सहा वेळांत दिवा सापडला. गणितातली ही युक्ती मला फार आवडली. हे काम मात्र जाणत्या माणसाचेच. मामांनी आम्हांला टेस्टर हातात घेऊ दिला नाही.

'तो दिवा काढून तारा नुसत्या जोडल्या तर?' हा माझा प्रश्न. कितीतरी घरांत तसेच करतात. पण मग उरलेल्या दिव्यांच्या वाट्याला जास्त वीज येते. पाच दिवे असे गाळले, की बाकीचे अधिक लख्ख दिसतात आणि लवकर जळतात. मामांनी प्लग काढला, पिशवीतून दुसरा दिवा काढून जोडला आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळली.

घरात अशी रोषणाई पहिल्यांदा केली ती न्यूयॉर्कमध्ये. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ च्या नाताळात आपल्या घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले होते. आता माळांत एलईडी आले आहेत. निळ्या एलईडीसाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळाले. ते दिवे फारसे तापत नाहीत, वीजही थोडीच खातात. पण थेट घरच्या विजेवर लावायच्या स्वस्त माळेची तार उघडी पडली, तर धोका जुन्याइतकाच.

संध्याकाळी मामांनी लोखंडी तार सोडवून तेथे सुती दोरी बांधली आणि माळ तिच्यावर चढवली. तारा मधोमध टांगला. बाई कामावरून परतल्या तेव्हा गल्लीतली मुले धाब्याखाली जमली होती. बाईंनी सर्वांना करंज्या वाटल्या. रात्री झोपताना प्लग काढायचे काम मामांनी धाकट्याकडे दिले होते. तो जेवायलाही उठेना. 'मी गेलो आणि कोणी दुसऱ्यानेच काढला तर?' असे म्हणून प्लगाशेजारीच पोत्यावर बसून राहिला. शेवटी बाईंनी त्याचे ताट तेथेच आणून दिले.